बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी ‘व्यवसाय परिचय’ आणि लेखाशास्त्र या विषयांसाठी आधी काय यावे लागते? तासांना बसणे खरोखर गरजेचे आहे का?

आपण लिहिले आहे की, बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण होऊन आपण मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बी.कॉम.ला प्रवेश घेत आहात. पहिल्या वर्षाचे विषय झेपतील का, याची आपल्याला धास्ती आहे. आणि हार्डवेअरचे दुकान चालवणारे आपले मामा म्हणतात की बी.कॉम. नावाला करायचे असते, तासांना बसायची गरज नसते, धंदा गल्ल्यावर बसूनच येतो. विषय झेपतील. आधी यावे लागते ते फार थोडे. मामांचे म्हणणे मात्र मला मुळीच मान्य नाही, आणि हे उत्तर मी मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे.

प्रथम आपला मूळ प्रश्न. विज्ञान शाखेच्या मुलांना गणिताची अडचण येत नाही, कारण या दोन विषयांना लागणारे गणित शेकडेवारी, गुणोत्तर, व्याज आणि सरासरी यांच्या फारसे पुढे जात नाही. अडचण येते ती लेखाशास्त्रात, आणि तीही विषय कठीण असतो म्हणून नव्हे, तर वर्गातील बहुतेक मुलांनी अकरावी-बारावीत दोन वर्षे पुस्तपालन केलेले असते आणि शिकवणारे तेथूनच पुढे सुरुवात करतात म्हणून. यासाठी प्रवेश निश्चित होताच बालभारतीचे अकरावीचे पुस्तपालनाचे पुस्तक घ्यावे आणि रोजकीर्द (व्यवहारांची तारखेवार नोंद), खतावणी (त्याच नोंदींची खातेवार मांडणी), तेरीज (सर्व खात्यांच्या नावे आणि जमा, म्हणजे डेबिट आणि क्रेडिट, बाकी जुळतात का ते दाखवणारा तक्ता) आणि अंतिम खाती या क्रमाने उदाहरणे हाताने सोडवावीत. नुसते वाचून हा विषय येत नाही. तेरीज जुळली नाही तर घाबरून सगळे खोडू नये. फरकाला दोनने भागून पाहावे, कारण एखादी रक्कम नावेऐवजी जमेच्या बाजूला गेली असेल तर फरक तिच्या दुप्पट येतो. मग नऊने भाग जातो का ते पाहावे. 5,400 ऐवजी 4,500 लिहिले गेले तर फरक 900 येतो, आणि शेजारच्या आकड्यांची अशी अदलाबदल झाली की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. हे मला पुस्तकाने नव्हे, तर तासाला फळ्यापाशी उभे करून आमच्या प्राध्यापिकांनी शिकवले.

नियमांविषयी थोडक्यात सांगते. विद्यापीठाच्या नियमानुसार 75 टक्के उपस्थिती लागते. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे श्रेयांकांची (क्रेडिटची) पद्धत आली असून एका सत्रात साधारण 20 ते 22 श्रेयांक असतात आणि लेखी विषयाच्या एका श्रेयांकासाठी 15 तासांचे अध्यापन धरलेले असते, म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला 60 तास मिळतात. मुख्य विषयांखेरीज अन्य विद्याशाखेतील एखादा विषय, भाषा, कौशल्याचा विषय हेही घ्यावे लागतात. अंतर्गत मूल्यमापनात प्रकल्प, सादरीकरण, चाचणी असे काही ना काही असतेच. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचून उत्तीर्ण होणारे पूर्वीही होते आणि आजही असतील, पण उत्तीर्ण होणे आणि विषय येणे यांत जे अंतर आहे, ते मी आमच्याच घरात पाहिले आहे.

माझे वडील आणि काका यांचे रत्नागिरी जिल्ह्यात भागीदारीत कृषी सेवा केंद्र आहे. खते, बियाणे, कीटकनाशके, फवारणीचे पंप असा माल असतो आणि गिऱ्हाईक बहुतेक आंबा-काजूचे बागायतदार. मी एफ.वाय.ला असताना आमच्या प्राध्यापिकांनी, गुणांशी काहीही संबंध नसताना, प्रत्येकाला आपल्या परिसरातील एक चालता व्यवसाय निवडून त्याची उद्दिष्टे, भांडवल, मालसाठा आणि उधारी यांवर लेखी टिपण तयार करायला सांगितले होते. मी आमचेच दुकान निवडले. काकांनी तेव्हाच सांगितले की, बी.कॉम. घरबसल्या होते, मुलीने एवढ्यासाठी रोज एसटीने हेलपाटे घालायची गरज नाही, आणि दुकानाचे म्हणाल तर ते त्यांनी बिनपुस्तकाचे वीस वर्षे चालवले आहे.

कोकणातल्या या धंद्याचे चक्र समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पावसाळ्यात खते जातात, डिसेंबर-जानेवारीत मोहोर आला की तुडतुडे, भुरी, करपा यांवरची औषधे जातात, आणि यांतले बरेचसे उधारीवर. बागायतदार पैसे देतो ते वाशीच्या बाजारातून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आल्यावर, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत. आर्थिक वर्ष मात्र 31 मार्चला संपते. त्यामुळे आमच्या ताळेबंदात येणी नेमकी वर्षभरातील सर्वांत जास्त दिसतात आणि रोकड सर्वांत कमी. ‘व्यवसायाचे पर्यावरण’ नावाचे प्रकरण गाइडमध्ये कोरडे वाटते, पण अवकाळी पावसाने मोहोर गळला की दुकानाची वसुली एक वर्षभर लांबते, हे त्या प्रकरणाचेच उदाहरण आहे, आणि तासाला मी ते सांगितले तेव्हा साऱ्या वर्गाला ते प्रकरण कळले.

टिपणासाठी मी मालसाठ्याची यादी मागितली. 31 मार्चची यादी काका स्वतः लिहीत, करसल्लागार ती जशीच्या तशी धरत, आणि तिच्यावरून नफा निघून दोन्ही भावांच्या भांडवली खात्यांत निम्मा-निम्मा जमा होत असे. त्या यादीतला मोठा भाग माळ्यावर होता. मी बॅटरी घेऊन माळ्यावर चढले आणि पेट्या एकेक करून खाली काढल्या. कीटकनाशकाच्या बाटलीवर बॅच क्रमांकाशेजारी उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख बारीक ठशात असते. धुळीने ती दिसत नाही, ओल्या फडक्याने पुसावी लागते. एका हंगामात कंपनीच्या प्रतिनिधीने दहा पेट्यांवर एक पेटी मोफत अशी योजना दिली होती, तेव्हा घेतलेला माल मागच्या बाजूला गेला, पुढच्या वर्षीचा नवा माल त्याच्यापुढे रचला गेला, आणि गिऱ्हाइकाला पुढचाच काढून दिला गेला. यादीतल्या सुमारे चार लाखांच्या मालापैकी 57 हजारांचा माल मुदत संपलेला होता. मुदत संपलेले कीटकनाशक विकता येत नाही, ते वेगळे करून ठेवावे लागते, आणि वितरकाकडे परत पाठवण्याची वेळ तर केव्हाच टळून गेली होती. यादीत मात्र तो माल खरेदीच्या पूर्ण किमतीला धरलेला होता.

त्याच सत्रात आम्हाला दुसरे लेखा मानक, म्हणजे मालसाठ्याच्या मूल्यांकनाचे मानक, शिकवले जात होते. साठा खरेदीची किंमत आणि निव्वळ वसूल होऊ शकणारी किंमत यांपैकी जी कमी असेल तिला धरावा, हा त्याचा गाभा आहे. जो माल विकताच येत नाही, त्याची वसूल होणारी किंमत शून्य. अखेरचा साठा 57 हजारांनी जास्त धरला की ढोबळ नफाही तेवढाच जास्त दिसतो, त्यावर कर भरला जातो, आणि जो नफा मिळालाच नाही त्यातून दोघे भाऊ घरखर्चासाठी उचल करतात. या वर्षाचा अखेरचा साठा हाच पुढच्या वर्षाचा आरंभीचा साठा असल्यामुळे हा फुगवटा कोणी खर्ची टाकीपर्यंत वर्षानुवर्षे तसाच पुढे सरकत राहतो. दरवर्षी नफा असूनही हंगामाच्या तोंडावर माल भरायला बँकेकडे हात का पसरावा लागतो, हा प्रश्न वडिलांना कित्येक वर्षे पडलेला होता. त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग माळ्यावर होता.

मी हे काकांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, “माल डोळ्यांसमोर दिसतोय आणि तू म्हणतेस तो नाहीच? तुझं पुस्तक आता मला धंदा शिकवणार?” मी त्यांना सांगितले की, माल नाही असे मी म्हणत नाही, त्याची किंमत नाही असे म्हणते आहे. हा फरक त्यांनी त्या दिवशीही मानला नाही आणि आजही मानत नाहीत. वडिलांनी मात्र करसल्लागारांना बोलावून ती रक्कम खर्ची टाकली, त्या वर्षीचा नफा कमी झाला, आणि काकांच्या मते तो माझ्यामुळे कमी झाला. नफा आधीच्या वर्षांत चुकीने जास्त दाखवला गेला होता, तो आता फक्त खरा दिसू लागला, हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवले आहे. लग्नकार्यात भेटले की ते अजूनही चारचौघांत माझी “पुस्तकी हिशेबनीस” अशी ओळख करून देतात. मला ते लागते. कारण त्या वर्षापासून आमच्या दुकानात प्रत्येक पेटीवर मुदतीची तारीख ठळक लिहिली जाते, मुदत संपायला काही महिने उरले की यादी निघते, माल वेळेत परत जातो, आणि कंपनीची योजना कितीही आकर्षक असली तरी मागील हंगामाचा खप पाहिल्याशिवाय पेट्या घेतल्या जात नाहीत. गल्ल्यावर बसून हे वीस वर्षांत सुचले नव्हते.

म्हणून आपल्याला आग्रहाने सांगते की, ‘व्यवसाय परिचय’ हा गुण मिळवण्यापुरता सोपा विषय आहे असे समजून त्याचे तास बुडवू नका. गाइडांवर विसंबू नये, याचे आणखी एक कारण आहे. बाजारातल्या जुन्या गाइडांत सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2020 मधल्या मर्यादा तशाच छापलेल्या असतात. 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणुकीची मर्यादा अडीच कोटी आणि उलाढालीची दहा कोटी झाली आहे, आणि लघु उद्योगासाठी त्या अनुक्रमे 25 कोटी आणि 100 कोटी आहेत. काही गाइडांत अजून 1986 चाच ग्राहक संरक्षण कायदा भेटतो, वास्तविक त्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली आहे. व्यवसायाचे प्रकार शिकताना 1932 चा भागीदारी कायदा, 2008 चा मर्यादित दायित्व भागीदारीचा कायदा आणि 2013 चा कंपनी कायदा यांची नुसती नावे पाठ न करता, भागीदाराची खासगी मालमत्ता कर्जफेडीसाठी केव्हा जबाबदार धरली जाते, एवढा एक प्रश्न तिन्हींना लावून पाहावा. आमच्या घरी हा प्रश्न दोन भावांमध्ये कधी निघालाच नव्हता. भागीदारीचा करारनामा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा निघाला.

उत्तरपत्रिकेत काय अपेक्षित असते, असेही आपण विचारले आहे. व्याख्या, मुद्दे आणि उदाहरण असावे, आणि उदाहरण स्वतः पाहिलेले असावे. परीक्षक शेकडो उत्तरपत्रिकांत टाटा आणि रिलायन्स वाचतात; आपण मोहोर गळल्याने थकलेली उधारी लिहिली तर ती वाचली जाते.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सी.ए. करायचे असेल तर फाउंडेशन या त्याच्या पहिल्या परीक्षेच्या तयारीमुळे उपस्थितीची ओढाताण होते, आणि अशा मुलांना महाविद्यालयाशी बोलून वेळापत्रक बसवून घेण्याखेरीज पर्याय नसतो. त्यांना मी दोष देत नाही. दुसरे असे की, सगळीकडे आमच्या प्राध्यापिकांसारख्या शिकवणाऱ्या मिळतीलच असे नाही. काही ठिकाणी तासाला टिपणे उतरवून देण्यापलीकडे काही होत नाही, आणि तसे असेल तर तो वेळ ग्रंथालयात घालवलेला बरा. पण हा निर्णय पहिले सत्र पूर्ण बसून मगच घ्यावा, मामांच्या किंवा माझ्या सांगण्यावरून नव्हे.

प्रकल्पाला विषय मिळाला की मोठ्या कंपनीचे संकेतस्थळ उतरवून काढू नका, मामांचेच दुकान घ्या. त्यांच्याकडून मागील 31 मार्चची साठ्याची यादी मागा आणि खरेदीची बिले शेजारी ठेवून प्रत्येक नगाची तारीख लावा. सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते आणि तीन महिन्यांनंतर सिमेंटची ताकद कमी होऊ लागते. रंगाच्या आणि चिकटपदार्थांच्या डब्यांवरही तारखा असतात. आणि चालेनाशा झालेल्या मापांचे नळजोड कोपऱ्यातल्या खोक्यांत सापडतील. हे सगळे यादीत कोणत्या किमतीला धरले आहे, ते मामांना विचारा.