जोडी त्यांची त्यांना जमवू दे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पोपटांच्या जोडीची जाहिरात वाचली. ‘काँगो ग्रे, डीएनए झालेली, प्रूव्हन पेअर.’ म्हणजे आफ्रिकेतल्या राखाडी पोपटांची, आधी पिल्लं दिलेली जोडी. डीएनएचा कागद एवढंच सांगतो की एक नर आहे आणि एक मादी. तो हवाच, कारण ग्रेमध्ये दोघं बाहेरून सारखेच दिसतात. रंगावरून अंदाज बांधून लोक दोन माद्या वर्षानुवर्षं एकत्र ठेवतात. त्या अंडीही घालतात, पण सगळी रिकामी निघतात. मात्र या दोघांचं एकमेकांशी पटतं का, हे कुठलीच लॅब सांगत नाही. आणि पिल्लं देणारी जोडी माणूस सहसा विकत नाही. का विकतोय, हे आधी विचार. पायातल्या कड्यावरचा रिंग नंबरही माग, कारण एकाच घरट्यातले भाऊ-बहीण जोडी म्हणून सर्रास खपवले जातात.

ब्राझीलमध्ये कुरासा गावाजवळच्या रानात स्पिक्स मकाव या निळ्या पोपटाचा एकच नर उरला होता. स्वतःच्या जातीची मादी नव्हती, तर त्याने हिरव्या इलिजर मकावच्या मादीशी जोडी जमवली. १९९५ मध्ये पिंजऱ्यात वाढलेली एक स्पिक्स मादी तिथे सोडली. तो तिच्याबरोबर उडू लागला, पण काही आठवड्यांत ती नाहीशी झाली आणि तो पुन्हा हिरव्या मादीकडे गेला. २००० नंतर तो कुणाला दिसला नाही. जोडीदाराची ओढ या पक्ष्यांत इतकी खोल असते. म्हणून तुला कळकळीने सांगतो, तयार जोडीच्या मागे लागू नकोस.

वेगवेगळ्या घरांतली, एकमेकांशी नातं नसलेली चार-सहा तरुण पाखरं घे आणि मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात एकत्र वाढव. ग्रे वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर तुझं काम फक्त बघण्याचं. कोण कोणाला खेटून झोपतं, कोण कोणाच्या डोक्याची पिसं विंचरतं, कोण चोचीतून भरवतं. तू जवळ गेल्यावर दोघं मिळून अंगावर आले, की जोडी जमली समज आणि त्यांना वेगळा पिंजरा दे. याउलट एक पक्षी सतत खालच्या दांडीवर दबून बसत असेल, दाण्याच्या वाटीकडे जायला घाबरत असेल, बोटांवर चावे दिसत असतील, तर त्याच दिवशी वेगळं कर. काकाटू जातीच्या पोपटांत तर नर मादीला मारूनही टाकतो.

तुझा बोलका ग्रे जोडीला लावायचा म्हणतोस, ते मात्र करू नकोस. अगदी लहानपणापासून एकट्याने माणसाच्या हातावर वाढलेला पक्षी बहुधा माणसालाच जोडीदार मानतो. त्याला घरातच सुखाने राहू दे. आणि टिम्ने ग्रे ही वेगळी जात आहे: अंग गडद, शेपटी तपकिरी-लाल, वरची चोच फिकट. तिच्याशी काँगोचा संकर नको.

खाण्यात सर्वांत मोठी चूक म्हणजे नुसती सूर्यफुलाची बी. तिच्यात चरबी भरपूर, कॅल्शियम नगण्य. आणि ग्रेला कॅल्शियमची कमतरता फार लवकर जाणवते. मादीच्या पोटात अंडं अडकतं, झटके येतात. शेवग्याचा पाला, समुद्रफेन, भिजवून मोड काढलेली कडधान्यं रोज दे. पण त्या कॅल्शियमचा उपयोग व्हायला ड-३ जीवनसत्त्व लागतं आणि ते ऊन अंगावर पडल्याशिवाय बनत नाही. काचेच्या खिडकीतून येणारं ऊन इथे कामाचं नाही, काच नेमके तेच किरण अडवते. पिंजऱ्यावर सकाळचं थेट ऊन येईल अशी जागा बघ.

घरट्याची पेटी अंधारी असू दे, आणि जोडी स्थिरावल्यावरच टांग. अंडी साधारण तीन-चार, उबवण सुमारे अठ्ठावीस दिवस. पहिली खेप रिकामी गेली तर खचू नकोस, आणि रोज झाकण उघडून पाहूही नकोस.

कायद्याचं आधी बघ, पक्षी नंतर आण. घानात १९९२ पासून रानातले ग्रे नव्वद टक्क्यांहून जास्त घटले. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या बैठकीत ग्रेला साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घातलं. आपल्याकडे अशा जातींची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, जन्म-मृत्यू कळवावे लागतात, आणि पहिल्या परिशिष्टातल्या जातीच्या प्रजननाला परवानाही लागतो. आपला देशी पोपट तर १९७२ च्या कायद्याने पाळताच येत नाही.

पिल्लं आई-बापांकडेच वाढू देता आली तर उत्तम. हाताने भरवायची वेळ आलीच, तर भावंडं एकत्र ठेव आणि पातळ खाणं थर्मामीटरने मोजून दे. चाळीस अंशांच्या फार वर गेलं तर गळ्याची पिशवी भाजते. स्वतःहून खायला लागल्याशिवाय पिल्लू कुणाला देऊ नकोस, कितीही पैसे मिळोत. आणि देशील तेव्हा आई-बापांचे रिंग नंबर कागदावर लिहून दे, म्हणजे पुढे कुणी नकळत भावा-बहिणीची जोडी लावणार नाही.

तुझा,
काका