चाळीस-बेचाळीस माणसांच्या युनिटला अंतर्गत समिती खरंच लागते का? 'फाईल' विकत घेऊन भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरीत मशिनिंगचं युनिट, ४२ माणसं, त्यात ११ महिला, त्यांतल्या ७ पॅकिंग आणि हाउसकीपिंगच्या कंत्राटदाराकडच्या. चाकणला सहा जणांचं गोडाऊन. सुपरवायझर सगळे पुरुष. मोठ्या ग्राहकाने व्हेंडर ऑडिटमध्ये (पुरवठादाराच्या तपासणीत) 'पॉश'चे, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याच्या कायद्याचे, कागद मागितलेत आणि एक कन्सल्टंट 'बारा हजारांत फाईल करून देतो' म्हणतोय.

अशा छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी ही समिती लागते. फाईलचे पैसे वाचवा. त्या फाईलमध्ये धोरणाचा छापील मसुदा, समितीचा आदेश, दोन-तीन सभांची इतिवृत्तं आणि प्रशिक्षणाचं हजेरीपत्रक असतं, आणि बहुतेक वेळा त्या सभा झालेल्याच नसतात. ऑडिट त्यावर निघून जाईल. पण उद्या खरी तक्रार आली की समिती कायद्याप्रमाणे बसली होती का, हा पहिला मुद्दा उभा राहतो आणि सगळी चौकशी तिथेच अडकते. तेव्हा ज्याच्यावर आरोप आहे तो सुटतो, तक्रारदार बाई नोकरी सोडते आणि तुम्ही दोन्हीकडून अडकता.

कायदा २०१३ चा, कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याचा. ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकाने लेखी आदेश काढून अंतर्गत समिती नेमायची. इथे दहा माणसं मोजायची, दहा महिला नव्हे. एकही महिला नसलेल्या युनिटलाही हे लागू आहे. कंत्राटदाराकडच्या सात जणी 'आमच्या पगारपत्रकावर नाहीत' हे उत्तर चालत नाही. रोजंदारी, प्रोबेशनवरचे, ट्रेनी, आयटीआयचे अप्रेंटिस, कंत्राटदारामार्फत आलेले असे सगळे 'कर्मचारी' या व्याख्येत येतात. तक्रार करणारी महिला तर तुमची कर्मचारी असण्याचीही गरज नाही. ग्राहकाकडून माल तपासायला आलेली क्वालिटी इन्स्पेक्टर किंवा चहाचा डबा घेऊन येणाऱ्या मावशी तुमच्या समितीकडे तक्रार देऊ शकतात. कंपनीची बस किंवा टेम्पो ट्रॅक्स असेल तर तिच्यातला प्रवासही कामाचं ठिकाणच.

आता माणसं. समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला कर्मचारी हवी. किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतले, शक्यतो महिलांच्या प्रश्नाची जाण, समाजकार्याचा अनुभव किंवा कायद्याचं ज्ञान असलेले. एक सदस्य बाहेरचा: महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला, किंवा लैंगिक छळाच्या प्रश्नाची माहिती असलेला. एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं.

कायद्याला चार जण पुरतात, पण तुमच्यासारख्या ठिकाणी पाच घ्या. चौकशीला बसताना अध्यक्षांसह किमान तीन जण हजर लागतात. एक रजेवर, एक आरोपीचा नातेवाईक किंवा खोलीतला सोबती निघाला की चारांची समिती लगेच लंगडी होते.

वरिष्ठ महिलाच नाही, ही अडचण छोट्या युनिटांत जवळपास सगळीकडे दिसते आणि कायद्याने तिची सोय केलेली आहे. आपल्या दुसऱ्या ऑफिसातली, तिथेही नसेल तर दुसऱ्या संस्थेतली महिला अध्यक्ष नेमता येते. शेजारच्या मोठ्या कारखान्यातली एचआर मॅनेजर, एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनेच्या ओळखीतली कुणी अनुभवी अधिकारी, अशी शोधा. तिचं संमतिपत्र आणि तिच्या कंपनीचं ना-हरकत पत्र आदेशाला जोडा. त्याआधी अकाउंट्समधल्या ताईंचाही विचार करा. 'वरिष्ठ' म्हणजे अमुक ग्रेड असं कायद्यात लिहिलेलं नाही. पंधरा वर्षं काम केलेली, सुपरवायझरला तोंडावर बोलू शकणारी बाई पदाने लहान असली तरी अध्यक्ष म्हणून बरी.

मालकाची पत्नी, मुलगी, वहिनी यांना अध्यक्ष करू नका. हा मोह फार जणांना होतो, कारण 'घरातलं माणूस, बाहेर जाणार नाही'. नेमकं त्याच कारणाने कुणी तिच्याकडे तक्रार घेऊन जाणार नाही. तुम्ही स्वतःही समितीत बसायचं नाही. समितीचा अहवाल तुमच्याकडे येतो आणि कारवाई तुम्ही करता, मग चौकशीला बसणार कसे? खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल तर ती अंतर्गत समितीकडे जातच नाही, जिल्ह्यासाठी सरकारने नेमलेल्या स्थानिक समितीकडे जाते.

बाहेरचा सदस्य म्हणून तुमचाच लेबर कन्सल्टंट किंवा सीए नको. दर महिन्याला तुमच्याकडून बिल घेणारा माणूस निःपक्ष आहे हे कुणाला पटवणार? स्थानिक समितीसाठी नियमांत एक निकष दिला आहे: महिला सक्षमीकरणाच्या, विशेषतः लैंगिक छळाच्या प्रश्नावर पाच वर्षं काम केलेली व्यक्ती, किंवा कामगार, सेवा, दिवाणी वा फौजदारी कायदा जाणणारी. तोच निकष तुम्ही लावा. नियमांत स्वयंसेवी संस्थेच्या सदस्याला बैठकीच्या दिवसाचे २०० रुपये आणि प्रवासखर्च लिहिलेला आहे. एवढ्यात आज कुणी येत नाही, ते मानधन आपसांत ठरतं. कन्सल्टंटचे बारा हजार या माणसावर खर्च करा, ते कारणी लागतील.

सात कंत्राटी महिलांपैकी एखादी समितीत घ्यावी का? मी घेणार नाही. हरकत कायद्याची नाही, पण कंत्राटदार तिला उद्या दुसऱ्या साइटवर हलवू शकतो. तुमच्या पटावरच्या चार जणींतून एक शॉप फ्लोअरवरची घ्या, आणि एक पुरुष असा घ्या ज्याच्याशी कामगार मोकळेपणाने बोलतात. स्टोअर्समधले काका बरेचदा यात बसतात.

आदेश एका पानाचा असतो, पण त्यात चुका भरपूर होतात. तारीख हवी, प्रत्येकाचं नाव आणि पद हवं, कोण अध्यक्ष आणि कोण बाहेरचा सदस्य हे वेगळं लिहिलेलं हवं, मुदत हवी ('दि. १ ऑगस्टपासून तीन वर्षे') आणि खाली मालकाची सही. नाव अंतर्गत समिती असंच लिहा. 'अंतर्गत तक्रार समिती' या जुन्या नावातला 'तक्रार' हा शब्द २०१६ च्या दुरुस्तीत वगळला गेला, विकतच्या फाइलींमध्ये अजून जुनंच नाव सापडतं. सदस्य नोकरी सोडून गेला की लगेच दुरुस्ती आदेश काढा. अध्यक्ष गेल्या आणि जागा रिकामी राहिली तर कोरमच (किमान हजेरी) होत नाही.

चाकणच्या गोडाऊनचं थोडं अवघड आहे. वेगळ्या ठिकाणच्या प्रत्येक ऑफिसला वेगळी समिती असं कायदा म्हणतो, आणि दहापेक्षा कमी माणसं असतील तिथे स्थानिक समिती. सहा जणांत पाच जणांची समिती नेमणं हास्यास्पद होईल. मी असतो तर भोसरीच्या आदेशात गोडाऊनचा उल्लेख केला असता, आणि गोडाऊनच्या भिंतीवर भोसरीच्या समितीबरोबर पुणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीचाही पत्ता लावला असता. म्हणजे कुठेही गेलं तरी दार उघडं.

समिती झाली की तिचा आदेश आणि छळाबद्दल होणारी शिक्षा दर्शनी जागी लावायची, सदस्यांचे फोन नंबर सगळ्यांना कळवायचे. दर्शनी जागा म्हणजे एचआरच्या केबिनमधली काचेची चौकट नव्हे. एक प्रत पंचिंग मशीनपाशी लावा आणि एक महिलांच्या चेंजिंग रूमच्या आत. आतल्या प्रतीवरचा नंबर कुणी मोबाइलमध्ये टिपून घेताना चारचौघांना दिसत नाही, म्हणून ती जागा. मराठी आणि हिंदी दोन्ही हवं, अक्षर मोठं. इंग्रजी प्रत ऑडिटरपुरती. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या पोर्टलवर समितीची नोंदणीही करा.

प्रशिक्षण दोन प्रकारचं आहे आणि लोक दुसरं विसरतात. सगळ्या कामगारांसाठी ठराविक काळाने जागृती, हे एक. समितीच्या सदस्यांना चौकशी कशी करायची याचं वेगळं प्रशिक्षण, हे दुसरं. पहिलं शिफ्ट बदलताना पाऊण तासात होतं. दुसऱ्याला एक पूर्ण दिवस द्या, कारण चुका तिथेच होतात.

तक्रार आल्यावरचं वेळापत्रक समितीच्या प्रत्येक सदस्याला पाठ हवं. समजा घटना १० मार्चची. लेखी तक्रार तीन महिन्यांत, म्हणजे १० जूनपर्यंत. प्रकार पुन्हा पुन्हा घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. उशिराला सबळ कारण असेल तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. बाईला लिहिता येत नसेल तर अध्यक्ष किंवा सदस्याने लिहून द्यायचं. 'लेखी आणा मग बघू' म्हणून परत पाठवणं हीच पहिली चूक. तक्रारीच्या सहा प्रती लागतात, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. एक प्रत सात कामकाजाच्या दिवसांत आरोप असलेल्या माणसाला. त्याचं उत्तर दहा कामकाजाच्या दिवसांत. चौकशी ९० दिवसांत पूर्ण, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल तुमच्याकडे, आणि तो मिळाल्यापासून ६० दिवसांत तुमची कारवाई. वकील दोघांनाही आणता येत नाही.

चौकशी चालू असताना बाईच्या लेखी विनंतीवरून समिती तुम्हाला शिफारस करू शकते: दोघांपैकी कुणाची बदली, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, जी तिच्या हक्काच्या रजेतून कापायची नाही. इथे हमखास बाईलाच दुसऱ्या शिफ्टला टाकलं जातं, 'तिच्या भल्यासाठी'. मग शॉप फ्लोअरवर निरोप जातो की तक्रार केली की आपणच हलवले जातो. शक्य तिथे त्याला हलवा.

समेट फक्त बाईने मागितला तरच, आणि पैसे देऊन मिटवणं हा त्याचा पाया असू शकत नाही. 'दोघांना समोरासमोर बसवून समज दिली' हा शेरा लिहून बंद केलेल्या फायली मी पुष्कळ पाहतो. तो ना समेट असतो ना चौकशी.

घाईही महागात पडते. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाच्या प्रकरणात समितीने २००९ मध्ये लागोपाठच्या तारखा लावून चौकशी उरकली. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ती कारवाई रद्द केली, कारण त्या माणसाला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती. चौदा वर्षांनी प्रकरण परत समितीपुढे, आणि त्यात तक्रारदारांचीही चौदा वर्षं गेली. म्हणून प्रत्येक तारखेची लेखी नोटीस द्या आणि पोच घ्या. जबाबावर खाली सही घ्या. साक्षीदाराला काय विचारायचं ते दुसऱ्या बाजूकडून लेखी घ्या. निष्कर्षाची प्रत दोघांना देऊन त्यांचं म्हणणं ऐका, मगच अहवाल पक्का करा. आरोपी सलग तीन तारखांना कारणाशिवाय आला नाही तर एकतर्फी निर्णय घेता येतो, पण आधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते.

अहवालात कारणं हवीत. 'आरोप सिद्ध होत नाही' एवढ्या एका ओळीचा अहवाल अपिलात टिकत नाही. आणि सिद्ध झालं नाही म्हणजे तक्रार खोटी होती, असं नाही. पुरावा अपुरा पडला एवढ्यावरून बाईवर कारवाई करता येत नाही. तिने जाणूनबुजून खोटं सांगितलं हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावं लागतं.

तिला पोलिसात जायचं असेल तर तुम्ही मदत करायची आहे, थांबवायचं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ त्यासाठी आहे. समितीची चौकशी त्यासाठी थांबवू नका.

समिती नेमली नाही तर दंड ५० हजारांपर्यंत, दुसऱ्यांदा सापडलात तर दुप्पट आणि परवाना रद्द होण्यापर्यंत. रक्कम ऐकून मालक हसतात. परवान्याचं ऐकून थांबतात.

दर कॅलेंडर वर्षाचा अहवाल समितीने तुम्हाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला द्यायचा असतो: किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, ९० दिवसांवर किती रखडल्या, किती कार्यशाळा झाल्या, काय कारवाई केली. केंद्राच्या नियमांत तारीख नाही, ३१ जानेवारी धरून चालायची रूढी आहे. महाराष्ट्रात तो बहुधा जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात जमा होतो. शून्य तक्रारी असल्या तरी द्यायचा, आणि शिक्का मारलेली पोच ठेवायची.

ऑडिटरला आदेशाची प्रत, फलकाचा फोटो, प्रशिक्षणाची खरी हजेरी आणि वार्षिक अहवालाची पोच एवढं द्या. त्याने तक्रारीची फाईल मागितली तर नाही म्हणा. तक्रारदार, आरोपी, साक्षीदार यांची नावं आणि चौकशीतला मजकूर कलम १६ प्रमाणे गोपनीय आहे. फोडणाऱ्याला सेवाशर्तींनुसार शिक्षा, आणि सेवाशर्तींत तशी तरतूद नसेल तर ५ हजार रुपये दंड. ग्राहक कितीही मोठा असला तरी त्याला आकडा सांगायचा, नाव नाही.