वडिलांचा जुना कॉम्प्युटर, पाम आणि नोकिया: त्यातलं सगळं सुरक्षित कसं काढू आणि कुठे ठेवू?

सगळ्यात आधी एक विनंती. तो कॉम्प्युटर आता पुन्हा चालू करून बघू नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी.

तुम्ही लिहिलंय की बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांचा २००४ सालचा विंडोज एक्सपीवाला डेस्कटॉप कधी सुरू होतो, कधी आतून नुसती खटखट ऐकू येते, आणि नवा पेनड्राइव्ह लावला तर ओळखत नाही. त्यात त्यांनी मराठीत टाइप केलेल्या आठवणी आहेत. शिवाय त्यांचा पाम (पत्ते, तारखा, टिपणं ठेवायचा हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर), नोकियाचा साधा फोन, आणि आईचा जुना अँड्रॉइड, जो रोज जागा संपल्याचं सांगतो. मी सांगलीत १९९८ पासून वीस-एक वर्षं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईसाठी मांडण्याचं, काम केलं. लोकांच्या आत्मकथा, कवितासंग्रह, लग्नपत्रिका, सगळं याच यंत्रांवर केलं. यातलं बरंच वाचवलंय आणि काही कायमचं गमावलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

ती खटखट म्हणजे हार्ड डिस्कमधलं वाचणारं टोक आपली जागा शोधतंय आणि त्याला ती सापडत नाहीये. अशी डिस्क आणखी किती वेळा सुरू होईल ते कोणी सांगू शकत नाही. दर वेळी 'बघू तरी, आज चालतोय का' म्हणून बटण दाबलंत की त्या उरलेल्या संधींतली एक खर्च होते. आणि विंडोज सुरू होणं हेच डिस्कवर मोठं ओझं असतं, कारण ते सारखं काहीतरी लिहीत असतं. म्हणून चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम) नको, डीफ्रॅग (फायलींची डिस्कवर फेरमांडणी) नको, अँटिव्हायरसचा स्कॅन तर नकोच. चेकडिस्क डिस्कवरची रचना 'नीट' करायला जातं आणि त्या नादात अर्धवट वाचता येणाऱ्या फायलींचे तुकडे करून ठेवतं. आधी नक्कल, मग दुरुस्ती. कोणी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं तर ऐकू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

पेनड्राइव्ह न ओळखण्याचं कारण बहुधा वेगळं आहे. ६४ जीबी आणि त्याहून मोठे पेनड्राइव्ह बहुतेक एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेले येतात, आणि एक्सपीला ती पद्धत वेगळा अपडेट टाकल्याशिवाय कळत नाही. मोठी बाहेरची डिस्क जोडायचाही मोह होईल, पण २ टीबीच्या पुढच्या बहुतेक डिस्क एक्सपीला नीट हाताळता येत नाहीत. नवं सामान जुन्याला जोडण्याची खटपटच सोडा आणि जुनी डिस्क नव्या कॉम्प्युटरकडे न्या.

वायर काढून, कॅबिनेट उघडून डिस्क बाहेर घ्या. त्या काळातली म्हणजे बहुधा आयडीई: मागे रुंद चपटी पट्टीची केबल, ४० पिना, आणि शेजारी चार पिनांची वीज. आयडीई आणि साटा (त्यानंतर आलेली अरुंद केबलची पद्धत) दोन्ही चालतील असा यूएसबी अडॅप्टर बाजारात मिळतो. घेताना त्याच्याबरोबर विजेचा वेगळा चार्जर आहे ना ते बघा, कारण डेस्कटॉपच्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून ते मिळत नाहीत. डिस्कच्या मागे छोटा जंपर (दोन पिनांवर बसणारं टोपण) असतो, तो 'मास्टर'वर ठेवा. जोडल्यावर विंडोज 'ही डिस्क फॉरमॅट करायची का' किंवा 'स्कॅन करून दुरुस्त करू का' असं विचारू शकतं. दोन्हींना नाही म्हणा.

डिस्क शांत फिरत असेल तर साध्या कॉपीनेही काम होईल. पण तुमची आवाज करते, म्हणून मी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (म्हणजे ज्यावरून विंडोजऐवजी लिनक्स सुरू होतं अशा पेनड्राइव्हवरून) डीडीरेस्क्यू हा नक्कल करणारा प्रोग्राम वापरायला सांगेन. साधी कॉपी एखाद्या खराब जागेशी अडली की तिथेच धडका देत बसते. डीडीरेस्क्यू अडलेल्या जागेची नोंद करून पुढे जातं, चांगलं तेवढं आधी उचलतं, आणि मग मागे येऊन सुटलेल्या जागांवर पुन्हा प्रयत्न करतं. मधे बंद केलं तरी नोंद असल्यामुळे तिथूनच पुढे चालू होतं. सगळी डिस्क एका मोठ्या फाइलमध्ये उतरली की जुनी डिस्क कापडात गुंडाळून ठेवून द्या आणि पुढचं सगळं शोधकाम त्या फाइलच्या नकलेवर करा. मात्र जोडल्याजोडल्या सतत खटखटच येत असेल आणि डिस्क दिसतच नसेल, तर इथेच थांबा. ते काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं, जिथे धूळविरहित खोलीत डिस्क उघडतात. गल्लीतल्या दुकानात कोणी 'उघडून बघतो' म्हणालं तर हात जोडून परत आणा.

नक्कल झाली की कुठे काय शोधायचं? 'माय डॉक्युमेंट्स' आणि डेस्कटॉप तर सगळेच बघतात. बाबा आउटलुक एक्सप्रेसमध्ये मेल वाचत असतील तर ती पत्रं 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये त्यांच्या नावाखाली, एका लपवलेल्या फोल्डरात डीबीएक्स प्रकारच्या फायलींत असतात. लपवलेल्या फायली दाखवा हा पर्याय चालू केल्याशिवाय दिसणार नाहीत. काही फायलींची नावं हिरव्या रंगात दिसली तर जपून. त्या एक्सपीच्या एन्क्रिप्शनने कुलूपबंद आहेत आणि त्यांची किल्ली त्याच डिस्कवर बाबांच्या खात्यात, त्यांच्या पासवर्डाआड आहे. म्हणून जुनं विंडोज पुसून टाकू नका. आणि विंडोजच्या फोल्डरातलं 'फाँट्स' हे फोल्डर आख्खं उचला. ते का, हे खाली सांगते.

आता पाम. त्या काळच्या बहुतेक पामच्या पोटात डिस्क नसायचीच. सगळी माहिती रॅममध्ये, बॅटरीच्या जोरावर टिकून. बॅटरी पूर्ण उतरली की वही कोरी. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या पाममध्ये काही उरलं असण्याची आशा धरू नका. पण खचूही नका. पाम ज्या पाळण्यात ठेवून हॉटसिंकचं बटण दाबायचे, ते दर वेळी एक नक्कल कॉम्प्युटरवर करत असे. बाबांच्या डिस्कवर 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये 'पाम' किंवा 'पामवन' नावाचं फोल्डर शोधा. आत त्यांच्या नावाचं लहान फोल्डर असेल आणि त्यात पत्ते, तारखा, टिपणं वेगवेगळ्या फायलींत. माझ्याकडे एक वकीलसाहेब मेलेला पाम घेऊन आले होते. त्यांची दहा वर्षांची तारखांची वही त्या फोल्डरात जशीच्या तशी होती, आणि त्यांनी तो कॉम्प्युटर भंगारात द्यायचं ठरवलं होतं.

नोकियाचंही तसंच. बाबांनी पीसी सुइट (फोन कॉम्प्युटरला जोडायचा नोकियाचा प्रोग्राम) वापरलं असेल तर डिस्कवर एनबीयू शेपटीची फाइल सापडेल, आणि एनबीयू एक्सप्लोरर नावाच्या फुकट प्रोग्रामने ती उघडते: नंबर, मेसेज, कधी फोटोही. फोन स्वतः सुरू करायचा असेल तर आधी मागचं झाकण काढा. बॅटरी फुगली असेल तर तिला चार्जर लावू नका. बऱ्याच साध्या नोकियांना लागणारी बीएल-५सी बॅटरी आजही मोबाइलच्या दुकानात मिळते. सिक्युरिटी कोड विचारला आणि तो कोणी बदलला नसेल तर १२३४५ चालतो. सिममध्ये नाव, नंबर आणि फार तर थोडे मेसेज मावतात. बाकीचं फोनच्या मेमरीत असतं, म्हणून 'सिम काढून घेतलं, झालं' असं समजू नका. मेसेज बाहेर काढायचा मार्ग नाहीच सापडला तर दुसऱ्या फोनने एकेका मेसेजचा फोटो घ्या. वेळ जातो, पण बाबांनी पाठवलेला 'पोचलो' एवढा मेसेजसुद्धा उद्या तुम्हाला हवा असेल.

आईचा अँड्रॉइड. जागा करून देतो म्हणणारी क्लीनर ॲप टाकू नका. केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि आधी फोटोंचं आणि व्हॉट्सॲपचं फोल्डर आख्खं कॉपी करा. जागा बहुतेक व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंनी आणि 'सेंट' फोल्डरातल्या दुबार प्रतींनी खाल्लेली असते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. अँड्रॉइड ६ पासून मेमरी कार्ड फोनचीच आतली जागा म्हणून जोडता येतं. तसं केलेलं असेल तर ते कार्ड त्या एका फोनशी बांधलेलं असतं, दुसरीकडे वाचता येत नाही, आणि फोन रिसेट केला तर कार्डावरचंही गेलं. दुसरं, गूगल फोटोजमधून फोटो काढून टाकला की तो फोनमधूनही जातो आणि ढगातूनही (म्हणजे गूगलच्या इंटरनेटवरच्या साठ्यातूनही). सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एकीकडचं पुसणंही ते तितक्याच इमानाने दुसरीकडे पोचवतं.

आणि आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले ती गोष्ट.

२००३ मध्ये एका निवृत्त शिक्षकांचं आत्मकथन मी टाइप केलं होतं. छापायचे पैसे जमले नाहीत, म्हणून सीडीवर घालून दिलं. अकरा वर्षांनी त्यांची मुलगी ती सीडी घेऊन आली. कव्हरात, फडक्यात, एकही ओरखडा नाही. सगळ्या फायली सुरळीत कॉपी झाल्या. उघडलं तर पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग. फाँटच नव्हता. तेव्हा आम्ही श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम, कृतिदेव, शिवाजी असे फाँट वापरत असू, आणि प्रत्येकाने देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या क्रमाने बसवले होते. फाइलमध्ये 'क' नसतोच. असतो तो एखाद्या इंग्रजी अक्षराचा आकडा, आणि फाँट त्याला 'क'चा चेहरा देतो. फाँट गेला की मराठी गेलं. माझं श्री-लिपी डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीसारख्या तुकड्यावर) चालायचं आणि ते डोंगल जुन्या मशीनबरोबर गेलं होतं. शेवटी दुसऱ्या एका बंद पडलेल्या डिस्कवर तो फाँट सापडला. तोवर ती मुलगी तीन वेळा येऊन गेली होती, आणि प्रत्येक वेळी मी तिला 'बॅकअप चांगला आहे' हेच सांगत होते.

म्हणून 'फाँट्स' फोल्डर. बाबांची फाइल उघडून मजकूर निवडा, फाँटचं नाव कागदावर लिहून ठेवा, आणि मूळ फाँटसकट त्या फाइलचं पीडीएफ करून घ्या. पीडीएफच्या आत फाँट बसतो, त्यामुळे निदान वाचता येणं पक्कं झालं. मग युनिकोडमध्ये रूपांतर करा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला आकडा असलेल्या पद्धतीत. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण ते त्या त्या फाँटचेच असावे लागतात. रूपांतरानंतर मजकूर डोळ्यांखालून घाला. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं उलट. 'दुसऱ्या', 'कऱ्हाड' असे शब्द तर हमखास बिघडतात. पेजमेकरच्या (पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रामच्या) फायली असतील तर त्या त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडतात, नव्यांत नाही.

फ्लॉपी सापडल्या तर सरकतं झाकण बाजूला करून आतली काळी चकती बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी धरते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की ती स्वतः तर जातेच, वाचणारं टोकही खराब करून पुढच्या फ्लॉपींना घेऊन जाते.

ठेवायचं कुठे? तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. हा नियम मला ठाऊक होता. आमचं दुकान पेठेत तळमजल्यावर. २००५ च्या पुरात पाणी जिथवर चढलं होतं त्याच्या वरच्या फळीवर मी बॅकअपच्या सीडी आणि दोन डिस्क ठेवल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. कॉम्प्युटर, सीडी, डिस्क, सगळं एकाच पाण्यात. त्यात भर म्हणजे मी त्या डिस्क उन्हात वाळवून चालू केल्या. भिजलेली डिस्क कधीही चालू करायची नसते, आतला गाळ तबकड्यांवर घासला जातो. ती तशीच ओलसर, बंद पिशवीत घालून प्रयोगशाळेत न्यायची असते. त्या पुरातून जे वाचलं ते ज्यांनी ज्यांनी आपली पीडीएफ पुण्या-मुंबईच्या मुलांना मेल केली होती त्यांचंच वाचलं.

तुमच्या बाबतीत एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घरात, एक भावाकडे किंवा बहिणीकडे, एक ढगात. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरता ठीक, वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला नको. आणि दर दिवाळीच्या आवराआवरीत ती डिस्क जोडून बाबांच्या दोन-चार फायली खरोखर उघडून वाचा. नुसती नावं दिसतात यावर समाधान मानू नका.

डिस्क बाहेर काढलीत की तिच्यावरचं लेबल आणि मागच्या पिना दिसतील असा फोटो टाका. अडॅप्टर कोणता लागेल ते मी सांगते. पहिली फाइल उघडली की फाँटचं नावही कळवा. ते 'श्री-देव' किंवा 'डीव्ही-टीटी' असं सुरू होत असेल, तर पुढचं काम मी अनेकदा केलेलं आहे.