बारा महिन्यांची मुदत मागे घ्या

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्स, ८४ टक्के. तिने सीए करावं अशी माझी इच्छा. परीक्षेनंतर आईच्या भिशीच्या ग्रुपसोबत व्हिएतनामला गेली होती. नवा कॅमेरा घेऊन दिला, तर प्रेक्षणीय स्थळं सोडून बरोबरच्या बायकांचेच चेहरे काढून आणले. आता म्हणते, जग फिरून फोटोच काढणार. मी एक वर्ष दिलंय. नाव कमावून दाखव, नाहीतर गुपचूप सीएला बस. बरोबर केलं ना?
– एक पालक, इतवारी, नागपूर

उत्तर : नाही, बरोबर केलं नाहीत. 'नाव कमावून दाखव' हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. सीएची परीक्षा हुकली तर घरचेच 'होतं असं' म्हणतात आणि पुन्हा फॉर्म भरायला लावतात. फोटोग्राफीला मात्र बाराच महिने? फोटोग्राफर दयानिता सिंह अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, शिकत असताना उस्ताद झाकीर हुसेन यांच्यासोबत दौऱ्यांवर फिरल्या, वर्षानुवर्षं त्यांचे फोटो काढत राहिल्या. त्या फोटोंचं पुस्तक १९८६ मध्ये आलं, फोटोग्राफीचा आंतरराष्ट्रीय हॅसलब्लाड पुरस्कार २०२२ मध्ये मिळाला. तुमच्या मुदतीत मुलगी शिकणार नाही, धास्तावेल. रोज लाइक मोजेल आणि लोकांना आवडतात म्हणून सूर्यास्त काढत बसेल.

तक्रार म्हणून पाठवलेले फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले. व्हिएतनाममधल्या होई आनच्या गोल टोपलीसारख्या होडीत बसलेल्या काकू, एका हातात होडीची कड, दुसऱ्या हातात पर्स घट्ट धरलेली. हॉटेलच्या पलंगावर चिवड्याचा डबा उघडून बसलेल्या तिघी, एकीच्या गुडघ्याला मलम. मागचे कंदील धूसर राहिलेत, राहू देत. ते तिथे जाणारा प्रत्येकजण काढतो. एरवी कॅमेरा दिसला की बायका पदर सावरतात, ताठ होतात. या झाल्या नाहीत. मला तरी यात मुलीची नजर दिसते.

आता मुलीसाठी. परदेश फिरत फोटो काढायचे आणि त्यावरच पोट भरायचं, हा समज डोक्यातून काढ. टुरिस्ट व्हिसावर दुसऱ्या देशात पैसे घेऊन काम करता येत नाही. विमानाचं तिकीट बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातं. नागपुरात फोटोग्राफरचं घर चालतं ते लग्नं, दागिने, कपडे, हॉटेलांचे मेन्यू यांच्यावर, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. आणखी एक, त्या काकूंचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी त्यांना विचारलंस का? जाहिरातीसाठी कोणी मागितले तर त्यांची लेखी परवानगी घे.

प्रवेशाचं थोडक्यात : बीएफए या कलेच्या पदवीसाठी एमएएच-एएसी सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, त्यातून नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातही उपयोजित कला शिकता येईल, एनआयडीसाठी डॅट ही तिथली प्रवेश परीक्षा, तिथला फोटोग्राफी डिझाइनचा एमडेस हा पदव्युत्तर अभ्यासक्रम पदवीनंतर. बीकॉम करत असतानाही कॅमेरा हातात राहू शकतो, हा मार्ग मी बाद करत नाही.

सध्या मात्र व्हिएतनाम विसरा. त्याच काकूंचे फोटो तिला इथे काढू द्या : भिशीच्या दुपारी, गोकुळपेठ बाजारात, लाइट गेल्यावर घामाघूम झालेल्या स्वयंपाकघरात. पत्ता इतवारीचा आहे, दुकान असेल तर तिथेही महिनाभर तिला बसू द्या, आणि तुमचा फोटो काढताना 'नीट काढ' म्हणू नका. ते सगळे फोटो मला पाठवा. सीएचं आपण त्यानंतर बोलू, तिला समोर बसवून.