लिनक्स मिंटवर मोठ्या गाणीसंग्रहासाठी कोणता म्युझिक प्लेअर घ्यावा?

प्रश्न: विंडोज सोडून लिनक्स मिंट २२ वर आलो आहे. तिकडे म्युझिकबी वापरायचो. एक्स्टर्नल डिस्कवर बारा हजारांच्या आसपास गाणी आहेत: भावगीतं, नाट्यपदं, जुनी हिंदी गाणी आणि शास्त्रीय संगीताची लांब रेकॉर्डिंग्ज. त्यातली काही एकाच फ्लॅक फाइलमध्ये (दर्जा न गमावणारा फॉरमॅट), सोबत क्यू शीट, म्हणजे कोणता भाग कुठे सुरू होतो हे सांगणारी छोटी टेक्स्ट फाइल. संगीतकारानुसार आणि रागानुसार गाणी काढता येतील असा प्लेअर कोणता?

उत्तर:

स्ट्रॉबेरी घ्या. रागानुसार शोधणं रोजचंच असेल, तर जोडीला क्वॉड लिबेट. दोन्ही मोफत आहेत आणि एकाच फोल्डरवर सुखाने नांदतात, कारण प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा असतो.

अमारोक १.४ हा केडीई या लिनक्स डेस्कटॉपवरचा प्लेअर ज्यांना आवडायचा, त्यांच्यासाठी २०१० मध्ये त्यातूनच क्लेमेंटाइन निघाला आणि २०१८ मध्ये क्लेमेंटाइनमधून स्ट्रॉबेरी. म्युझिकबीची सवय असलेल्याला तो परका वाटत नाही: डावीकडे संग्रह, उजवीकडे प्लेलिस्ट. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये सिस्टम पॅकेज आणि फ्लॅटपॅक असे दोन पर्याय दिसले तर तुमच्यासाठी सिस्टम पॅकेज बरं. फ्लॅटपॅक ॲप बंदिस्त वातावरणात चालतं, आणि बऱ्याच प्लेअरना तिथे फक्त होममधल्या म्युझिक फोल्डरची परवानगी असते. डिस्क जोडलेली असूनही फोल्डर रिकामा दिसला, तर कारण बहुधा हेच. मग फ्लॅटसील हे परवानग्या बदलण्याचं ॲप उघडून डिस्कचा पाथ हाताने द्यावा लागतो.

पण संग्रह स्कॅन करण्याआधी डिस्कची जागा पक्की करा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच राहून जातं. मिंट एक्स्टर्नल डिस्क मीडिया फोल्डरखाली, तुमच्या युजरनेमच्या आत, डिस्कच्या नावाने जोडतं. डिस्क नीट न काढता वायर ओढली आणि जुना फोल्डर तिथेच राहिला, की पुढच्या वेळी नावाला १ चिकटतो. आपल्याला डिस्क तीच वाटते, प्लेअरच्या दृष्टीने मात्र बारा हजार गाणी गायब झालेली असतात. उपाय: ‘डिस्क्स’ ॲप उघडा, पार्टिशन निवडा, दातेरी चाकाच्या बटणावरून माउंट ऑप्शन्समध्ये जा, ‘युजर सेशन डिफॉल्ट्स’ बंद करा आणि माउंट पॉइंट (डिस्क जिथे जोडली जाते तो फोल्डर) एमएनटी फोल्डरखाली एका ठरावीक नावाने द्या. ओळख यूयूआयडीने, म्हणजे पार्टिशनच्या स्वतःच्या क्रमांकाने ठेवा. पर्यायांच्या ओळीत ‘नोफेल’ असलंच पाहिजे, नाहीतर डिस्क लावलेली नसताना संगणक सुरू होतानाच अडकेल. डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाइल पद्धत) असेल आणि विंडोजवरून नीट ‘इजेक्ट’ केलेली नसेल, तर ती फक्त वाचण्यापुरती जोडली जाऊ शकते. गाणी वाजतात, पण टॅग (फाइलमध्येच लिहिलेली गाण्याची माहिती) सेव्ह होत नाहीत. अशा वेळी दोष प्लेअरचा नसतो.

स्ट्रॉबेरीत संग्रहाच्या वर ‘ग्रुप बाय’ आहे. त्यात ॲडव्हान्स्ड ग्रुपिंगमध्ये तीन पायऱ्या लावता येतात. संगीतकार, मग अल्बम, मग गायक अशी रचना ठेवलीत की भावगीतं आपसूक संगीतकारानुसार लागतात. गीतकाराची पायरी मात्र त्यात नाही, रागाचीही नाही. रागासाठी एक सोपी युक्ती: ‘ग्रुपिंग’ नावाचा टॅग सहसा रिकामाच असतो, त्यात रागाचं नाव लिहा आणि पहिली पायरी ‘ग्रुपिंग’ ठेवा. यमन, भूप, बागेश्री अशी यादी डावीकडे तयार.

राग, ताल, गीतकार, नाटक हे सगळं वेगवेगळं हवं असेल तेव्हा क्वॉड लिबेटला पर्याय नाही. त्यात हवा तो टॅग स्वतः तयार करता येतो. टॅगचं नाव रोमन लिपीत द्या, कारण फ्लॅक आणि ऑगमध्ये नावाला तीच अक्षरं चालतात. आतला मजकूर खुशाल देवनागरीत. मग ‘पेन्ड ब्राउझर’ निवडून त्याच्या प्राधान्यांमध्ये तुमचे टॅग रकाने म्हणून लावा. पहिल्या रकान्यात राग, दुसऱ्यात ताल, तिसऱ्यात गायक. एकावर टिचकी मारली की पुढचे आपोआप गाळले जातात. वीस मिनिटांपेक्षा मोठी रेकॉर्डिंग्ज एवढीच हवीत, असा शोधही घेता येतो. रागाचं एकच लेखन ठरवून तेच सगळीकडे वापरा. एकीकडे बागेश्री आणि दुसरीकडे बागेसरी लिहिलंत तर दोन राग दिसतील. एक मर्यादा लक्षात ठेवा: एमपीथ्रीमध्ये क्वॉड लिबेट असे खास टॅग स्वतःचा उपसर्ग लावून लिहितो, म्हणून ते दुसऱ्या प्लेअरला सहसा कळत नाहीत. फ्लॅकमध्ये ही अडचण येत नाही.

आता क्यू शीट. स्ट्रॉबेरी ती वाचतो, पण क्यू फाइलमधल्या ‘फाइल’ या ओळीत जे नाव आहे तेच डिस्कवरच्या फाइलचं हवं. सीडीवरून काढलेल्या बऱ्याच क्यू शीटमध्ये तिथे वेव्ह लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात फाइल फ्लॅक असते. टेक्स्ट एडिटरमध्ये तेवढी ओळ दुरुस्त करून क्यू फाइल यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये सेव्ह केली की तुकडे वेगळे दिसू लागतात. पण क्यूमधून दिसणाऱ्या तुकड्यांचे टॅग स्ट्रॉबेरीत बदलता येत नाहीत, आणि क्वॉड लिबेट क्यू वाचतच नाही. त्यामुळे रागाचे टॅग लावायचे असतील तर मी सरळ फ्लॅकॉन वापरायला सांगेन. क्यू आणि फ्लॅक दिली की तो प्रत्येक भागाची वेगळी फ्लॅक करून देतो आणि आवाजात काडीचाही फरक पडत नाही. मूळ फाइल लगेच पुसू नका. शेवटचा भाग पूर्ण ऐकून मग ठरवा.

विलंबितातून द्रुतात जाताना मध्ये खट्ट होऊ नये म्हणून स्ट्रॉबेरीत क्रॉसफेड (एक गाणं विरता विरता दुसरं सुरू होणं) आणि फेडचे सगळे पर्याय बंद करा. क्वॉड लिबेटमध्ये ‘गॅपलेस प्लेबॅक’ चालू ठेवा. एवढं करूनही एमपीथ्रीत बारीक फट ऐकू येत असेल तर ती फाइलमधली आहे. एमपीथ्री ११५२ सॅम्पलच्या चौकटींत बांधली जाते, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते. ती किती आहे याची नोंद लेम हा एमपीथ्री बनवणारा एन्कोडर फाइलच्या हेडरमध्ये करतो. ती नोंदच नसेल तर प्लेअरला नेमकं कुठे कापायचं ते समजत नाही.

संकलनाचे अल्बम वीस तुकड्यांत फुटलेले दिसले तर ‘अल्बम आर्टिस्ट’ टॅग रिकामा आहे असं समजा. त्यात सगळीकडे ‘विविध गायक’ भरा, अल्बम एकत्र येईल. आणि जुन्या मराठी सीडींच्या फाइल्समध्ये नावांऐवजी रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसत असेल, तर दोन शक्यता आहेत. यूटीएफ-८ मजकूर चुकीच्या एन्कोडिंगने वाचला गेला असेल, तर किडथ्री या टॅग एडिटरमध्ये एन्कोडिंग बदलून तो परत मिळतो. मूळ टायपिंगच श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये झालेलं असेल, तर कुठलाच प्लेअर ते वाचू शकणार नाही. त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा नाहीतर नावं पुन्हा टाइप करा.

जुनं रेकॉर्डिंग हळू आणि नवं कानठळ्या बसवणारं, यासाठी रीप्लेगेन आहे, म्हणजे वाजवताना आवाज एका पातळीवर आणणारे टॅग. आरएसगेन हे टर्मिनल टूल ‘ईझी’ या आज्ञेने आख्खा फोल्डर मोजून उणे १८ एलयूएफएस (आवाजाच्या मोठेपणाचं एकक) पातळीच्या हिशेबाने टॅग लिहितं. मूळ आवाजाला ते हात लावत नाही. मग प्लेअरमध्ये रीप्लेगेन चालू करा: मैफल ऐकताना ‘अल्बम’, सरमिसळ ऐकताना ‘ट्रॅक’. अल्बम मोडमध्ये आलापाचा हळुवारपणा टिकतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मिंटसोबत येणारा रिदमबॉक्स साधा आणि भरवशाचा आहे, पण क्यू वाचत नाही आणि त्याची सगळी मांडणी प्रकार, कलाकार, अल्बम यांभोवती आहे. ऑडेशियस फोल्डर उचलून वाजवण्यासाठी उत्तम, विनॲम्पच्या स्किनही चालतात. एलिसा देखणा आहे, इतक्या संग्रहाला मात्र तोकडा पडतो. व्हीएलसी व्हिडिओसाठी ठेवा.

स्ट्रॉबेरीत आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. सापडत नसलेली गाणी यादीतून न काढता ‘अनुपलब्ध’ म्हणून राखण्याचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे डिस्क एखाद्या दिवशी लावली नाही तरी नोंदी जात नाहीत. आणि रेटिंग फाइलच्या टॅगमध्ये सेव्ह करण्याचा पर्यायही चालू करा. नाहीतर ते सगळं होम फोल्डरमधल्या एकाच डेटाबेस फाइलमध्ये राहतं आणि मिंट नव्याने टाकताना तिची आठवण कोणालाच राहत नाही.