पूररेषेतलं जुनं घर आणि सरकारी खरेदी: वाचकांचे प्रश्न

श्रावण सरला की माझ्याकडे एकाच विषयाची पत्रं येऊ लागतात. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरीचं पाणी चाळीसगावात शिरलं, तेव्हापासून तर त्यात खंड नाही. पांझरा, बोरी, गोमाई, नदी कुठलीही असो, प्रश्न ठरलेला: ‘काठावरची जुनी घरं सरकार विकत घेणार म्हणे, खरं का?’ घरांचं मूल्यांकन हा माझा व्यवसाय आहे आणि त्यातही माती-लाकडाची धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं जास्त पाहिलीत. एकेकाला वेगळं उत्तर पाठवण्यापेक्षा इथेच लिहितो.

आमची गल्ली निळ्या रेषेत आली आहे. आता सरकारला घर घ्यावंच लागेल ना? (धुळे)

नाही. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळते. रेषेमुळे तुमची मालकी जात नाही आणि सरकारवर खरेदीचं बंधनही येत नाही. घर नेमकं कुठे पडतं हे टपरीवर विचारू नका, नगररचना विभागातून नकाशाची प्रत घ्या.

मुलगा अमेरिकेत असतो. तिथे वारंवार बुडणारी घरं सरकार विकत घेतं म्हणतो. आपल्याकडे तसा अर्ज कुठे करायचा? (अमळनेर)

मुलगा खरं सांगतो. १९९३ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर तिथे अशी खरेदी मोठ्या प्रमाणावर झाली. केंद्राचा निधी साधारण ७५ टक्क्यांपर्यंत, उरलेला वाटा राज्याचा किंवा स्थानिक संस्थेचा. मालकाची तयारी असेल तरच व्यवहार होतो, किंमत बहुतेक वेळा पुराच्या आधीच्या बाजारभावाने धरतात, घर पाडतात आणि ती जागा कायमची मोकळी ठेवतात.

आपल्याकडे घरमालकाने उठून अर्ज करावा आणि सरकारने घर घ्यावं अशी कायमस्वरूपी योजना नाही. इथे सुरुवात सरकारकडून होते. एक तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने, नाही तर वाटाघाटीने थेट खरेदी करून. त्यामुळे ‘पाचशे रुपये द्या, पूरग्रस्त खरेदीचा फॉर्म भरून देतो’ म्हणणारा दारात आला तर त्याला तिथूनच परत पाठवा. थेट खरेदीत रक्कम लवकर हाती येते, कधी वाढीवही असते; समृद्धी महामार्गाला २५ टक्के जास्त दिले होते. पण संमतीने खरेदीखत करून दिलं की नंतर ‘मोबदला कमी पडला’ म्हणून वाढ मागायची वाट बहुतेक बंद होते. सही करण्याआधी मसुदा वकिलाला दाखवा.

घर आजोबांच्या नावावर आहे. आम्ही तिघे भाऊ, दोन आत्या, एक काका सुरतला. घरपट्टी मी भरतो. पैसे मला मिळतील ना? (चोपडा)

घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. हे मी किती वेळा लिहिलं असेल! मालकीवरून वाद असेल तर संपादनाची रक्कम कुणाच्याच हातात न देता भूसंपादनाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा करतात, आणि मग भाऊभाऊ तारखा मोजत बसतात. आत्यांचा हिस्सा ‘त्यांनी कधीच सोडलाय’ असं तोंडी सांगून सुटत नाही. त्यांनी राजीखुशीने सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. नसेल सोडला, तर त्यांचा हक्क आहे आणि तो त्यांना मिळाला पाहिजे. आजोबा वारल्याचा दाखला, वारसांची यादी आणि मिळकत पत्रिका घेऊन याच महिन्यात नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज द्या. नोटीस आल्यावर धावपळ करू नका. हिस्से कसे पडतील ते आजोबा कधी वारले यावरही ठरतं, म्हणून आधी दिवाणी वकिलाला भेटा.

एक एजंट म्हणतो, दहा टक्के दिले तर भाव दुप्पट करून देतो. (शहादा)

देऊ नका. संपादनात बाजारमूल्य रेडी रेकनरचा (सरकारी दरपत्रकाचा) दर किंवा आधीच्या तीन वर्षांत आसपास झालेल्या खरेदीखतांची सरासरी, यांत जे जास्त असेल त्यावरून काढतात. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे तेवढीच जादा रक्कम, कायद्यानेच मिळते. तीच दाखवून तो ‘दुप्पट केली’ म्हणणार आहे. मुखत्यारपत्रावर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही मुळीच करू नका. केली असेल तर आजच वकिलाकडे जा.

वाड्यात सागवानी खांब आणि कोरीव चौकट आहे. बाहेरगावचा व्यापारी रोख पैसे देतोय. घर जाणारच असेल तर लाकूड आधी विकून मोकळं व्हावं का? (एरंडोल)

नका विकू. याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण याच चुकीने खानदेशातली चांगली चांगली घरं मातीमोल झालेली मी पाहिली आहेत.

तापीकाठच्या एका गावात मोजणीच्या दिवशी मी हजर होतो. सात खणांचं घर; खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा. पाहतो तर ओसरीत खांबच नाहीत, नुसते तळखडे, म्हणजे खांबाखालचे दगड, ओळीने बसलेले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर खांबाच्या चौकोनी बुडाचा काळा ठसा. तुळयांना लोखंडी पाइपचे टेकू दिलेले. आदल्या आठवड्यात व्यापाऱ्याची जीप येऊन गेली होती. पंचनाम्यात काय लिहिलं? ‘माती-लाकूड बांधकाम, जुने, मोडकळीस आलेले.’ एवढी एक ओळ. लिहिणाऱ्याचा दोष नव्हता, त्याच्यासमोर तेवढंच होतं. मालकाच्या आईने त्यातल्या एका तळखड्यावर हात ठेवला होता, तो शेवटपर्यंत काढला नाही.

आता हिशोब समजून घ्या. संपादनात जमिनीच्या किमतीत बांधकामाची किंमत मिळवतात आणि त्या बेरजेवर १०० टक्के दिलासा रक्कम धरतात. म्हणजे पंचनाम्यात आलेल्या खांबाचे पैसे दुप्पट होऊन येतात. व्यापाऱ्याला विकलेल्या खांबाचे एकदाच मिळतात, तेही त्याने सांगितलेल्या भावाने. वर खांब काढल्यावर धाब्याचा सगळा भार उरलेल्या चार लाकडांवर येतो, हे वेगळंच.

दुसरी गोष्ट घसाऱ्याची, म्हणजे जुनेपणामुळे किमतीत धरलेल्या घटीची. घर शंभर वर्षांचं म्हणून पांढऱ्या मातीची भिंत आणि सागाचा खांब यांना सरसकट एकच घसारा लावतात. हे चूक आहे. बुडाशी वाळवी लागली नसेल तर जुना साग शंभर वर्षांनीही टणक असतो. सुरीचं टोक बुडात रुतत नाही, ठोकलं तर आवाज भरीव येतो. २०१३ च्या कायद्याच्या कलम २९ मध्ये बांधकामाची किंमत ठरवताना जिल्हाधिकाऱ्यांना सक्षम अभियंत्याची किंवा त्या विषयातल्या तज्ज्ञाची मदत घेता येते. मागणी लेखी करा. न मागता कोणी तज्ज्ञ बोलावत नाही, असा माझा अनुभव आहे.

म्हणून मोजणीआधी एक वही करा. घर किती खणांचं, खांब किती, प्रत्येकाचा घेर आणि उंची, हस्त (खांबावर तुळई पेलणारे लाकडी आधार) कोरीव आहेत की साधे, कडीपाट (छताच्या कड्या आणि फळ्या) कसला, चौकटीची मापं. टेप लावून, टेप दिसेल असे फोटो काढा. संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा, पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. काही राहिलं असेल तर सहीजवळच ‘हरकतीसह’ असं लिहा. घर पाडताना लाकूड स्वतः नेण्याची परवानगी हवी असेल तर तीही आधीच लेखी मागा, नाहीतर ते मलब्यात जातं. निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, पटला नाही तर कलम ६४ खाली दाद मागता येते. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर मुदत फक्त सहा आठवडे. मूल्यांकनकाराला मोजणीच्या आधी बोलवा. निवाडा हातात घेऊन येणाऱ्यांसाठी मला फार काही करता येत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

अधिसूचना निघाली आहे. भाचा म्हणतो, त्याच्या नावे खरेदी करून टाकू. (पारोळा)

प्राथमिक अधिसूचनेनंतर त्या मिळकतीचे व्यवहार करायला कायद्याने मनाई आहे. भाच्याचं ऐकू नका.

आम्ही भाडेकरू, वीस वर्षं तिथेच राहतो. घरमालक म्हणतो, तुमचा काही संबंध नाही. (धुळे)

संबंध आहे. शहरी भागात संपादनाच्या आधी तीन वर्षं किंवा जास्त राहणारं कुटुंब बाधित कुटुंबात मोडू शकतं. घराच्या किमतीत तुमचा वाटा नाही, पण पुनर्वसनाच्या लाभांवर दावा करता येतो; सामान हलवण्याचे ५०,००० रुपये त्यातलेच. भाडेपावत्या, वीजबिलं, मतदार यादीतलं नाव असं सगळं एकत्र लावा आणि सर्वेक्षणात आपलं नाव आहे ना, हे भूसंपादन कार्यालयात जाऊन स्वतः पाहा.

मोबदल्यावर आयकर लागतो का? (नंदुरबार)

२०१३ च्या कायद्याच्या निवाड्यावर कलम ९६ प्रमाणे लागत नाही. थेट खरेदी किंवा व्याजाची रक्कम असेल तर सीएला विचारा.

पडलेल्या घराचे सरकारी मदतीचे पैसे घेतले. घर सरकारजमा झालं का? (चाळीसगाव)

नाही. पूर्ण पडलेल्या घराला मिळणारे पैसे (२०२२ ते २०२६ च्या निकषांत मैदानी भागात १,२०,००० रुपये) ही मदत आहे, खरेदीची किंमत नव्हे.

पुरात मागची भिंत भिजली, खालून पोपडे सुटलेत. घर सरकार घेणारच आहे, तर दुरुस्तीवर खर्च कशाला? आजी त्याच खोलीत झोपते. (अमळनेर)

कोण म्हणालं घेणारच? घेतलं तरी प्राथमिक अधिसूचनेपासून घोषणेपर्यंत १२ महिने, तिथून निवाड्यापर्यंत आणखी १२ महिने जाऊ शकतात, आणि त्याआधीचा सामाजिक परिणामांचा अभ्यास वेगळा. तोवर किती पावसाळे येतील ते मोजा. मातीची भिंत पुराच्या पाण्यात उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर बसते, कारण पाया मऊ झालेला असतो आणि वर धाब्याची ओली माती. पोपडे खालून सुटतात याचा अर्थ पाणी अजून आत आहे. उद्या गवंडी आणि अभियंता दोघांना दाखवा, तुळईला टेकू द्या, धाब्यावरची ओली माती अभियंत्याच्या सल्ल्याने हलकी करा, खर्चाच्या पावत्या जपून ठेवा. हे सगळं उद्या. आजींची खाट मात्र आज रात्रीच दुसऱ्या खोलीत हलवा.