घसरलेला ऐजॉल एफसी पुढच्याच हंगामात आय-लीग विजेता कसा झाला?

२०१५-१६ मध्ये मिझोरामच्या ऐजॉल फुटबॉल क्लबवर आय-लीग या तेव्हाच्या देशातील अव्वल फुटबॉल लीगमधून खालच्या विभागात जाण्याची वेळ आली होती, परंतु गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा प्रवेश मिळाला आणि प्रशिक्षक खालिद जमील यांनी त्या संधीचे सोने केले. १८ सामन्यांत ऐजॉलने ३७ गुण मिळवले, मोहन बागानने ३६. माझ्या मते निर्णायक ठरला तो २२ एप्रिल २०१७ चा सामना, ज्यात घरच्या मैदानावर अखेरच्या टप्प्यात बचावपटू झोहमिंगलियाना राल्टेने हेडरने गोल केला आणि बागानला १-० असे नमवले. मग अखेरच्या सामन्यात शिलाँग लाजाँग क्लबशी पिछाडीवरून साधलेली १-१ बरोबरी पुरेशी झाली. बडोद्यात पोलो ग्राउंडवर खेळणाऱ्या आपल्या मुलांना हा हंगाम आवर्जून सांगावा, कारण ईशान्येकडील क्लबाचे ते पहिलेच राष्ट्रीय लीग विजेतेपद होते.